लोकर झडणारा कळप संकरातून कसा उभा करावा

प्रश्न असा आहे: शंभरेक लोकरीच्या मेंढ्या आहेत, लोकर विकून कातरणीची मजुरीही सुटत नाही, उत्पन्न सगळं कोकरांचंच. म्हणून लोकर आपोआप झडणाऱ्या जातीचा नर आणून संकर करायचा विचार आहे. कोणती जात घ्यावी, कातरणी किती पिढ्यांत बंद होईल, पहिल्या पिढीतल्या माद्या ठेवाव्यात का, आणि कोकरांच्या मांसात घट येईल का, असे चार प्रश्न विचारले आहेत. उत्तर लांबेल, कारण या चारांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत.

आधी एक गोष्ट हिशेबात घ्या. विकायचं कोकरू बहुतेक ठिकाणी पहिल्या कातरणीची वेळ येण्याआधीच कळपातून जातं. त्याची लोकर पुढे झडली असती की नाही, याने तुमचा एक पैसाही वाचत नाही. कातरणी, मागच्या भागाची शेणाने माखलेली लोकर कापणं, माशी बसून अळ्या पडू नयेत म्हणून फवारणी, हा वर्षानुवर्षांचा खर्च पैदाशीच्या मेंढीवर होतो. म्हणजे झडणारी हवी ती मेंढी. विकायच्या कोकराचा बाप लोकरीचा असला तरी बिघडत नाही. हे ध्यानात ठेवलं की नर निवडताना आणि कळपाची विभागणी करताना निम्मा गोंधळ संपतो.

माझं मुख्य म्हणणं एवढंच आहे: लोकर घालवायचं काम आणलेल्या नरावर सोपवा, आणि बाकी सगळे गुण तुमच्या माद्यांमधून निवडून राखा. बहुतेक लोक उलटं करतात. पहिल्याच पिढीत ज्या माद्यांची लोकर सगळ्यात छान झडली त्या ठेवतात आणि बाकीच्या विकतात. त्यात चांगल्या कासेच्या, जुळी नीट वाढवणाऱ्या, खुरांची तक्रार नसलेल्या कितीतरी माद्या निघून जातात. लोकर झडण्याचा गुण आनुवंशिक दृष्ट्या चांगला बळकट आहे. त्याची आनुवंशिकता (मेंढ्यांमधल्या फरकातला किती वाटा वंशातून येतो, हे ० ते १ मध्ये मोजणारं माप) मध्यम ते वरच्या पातळीची आढळते, शिवाय शुद्ध झडणारा नर प्रत्येक पिढीत तो नव्याने देतच असतो. उलट कोकरं जगण्याचं प्रमाण, मेंढीने किती कोकरं दूध तुटेपर्यंत सांभाळली, या गुणांची आनुवंशिकता अगदी कमी, अनेकदा ०.१ च्याही खाली असते. ते एकदा कळपातून गेले तर परत आणायला फार वर्षं लागतात. झडणं तर तीन-चार पिढ्यांत येणारच आहे.

आता लोकर झडते म्हणजे काय होतं ते पाहू, म्हणजे पुढचं समजेल. रानटी मेंढीच्या अंगावर बाहेर राठ केस आणि आत बारीक लोकर असते आणि दिवस मोठे होऊ लागले की दरवर्षी ती हे सगळं टाकून देते. सतत वाढत राहणारी लोकर ही माणसाने हजारो वर्षांच्या निवडीतून मिळवलेली गोष्ट आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय संशोधनात या बदलाचं एक मोठं कारण सापडलं. आयआरएफटूबीपीटू नावाच्या जनुकाजवळ दुसऱ्या एका जनुकाची नक्कल येऊन बसलेली आहे, आणि ही भर ज्यांना आई आणि बाप दोघांकडून मिळालेली आहे त्यांचं अंगावरण लोकरीचं होतं. मूळचा केसाळपणा त्यावर प्रभावी ठरतो, म्हणजे त्याची एकच प्रत मिळाली तरी तो दिसतो. विल्टशायर हॉर्नसारख्या जातींच्या संकरातही झडण्याचा गुण एखाद्या मोठ्या प्रभावी जनुकाच्या वळणाने पुढे जाताना दिसतो, पण त्याच्या जोडीला लहानसहान परिणाम करणारी इतर अनेक जनुकं असतात. म्हणूनच प्रत्यक्षात हे ‘झडते’ किंवा ‘झडत नाही’ असं दोन कप्प्यांत बसत नाही. काही मेंढ्या पूर्ण मोकळ्या होतात, काहींच्या पाठीवर पट्टा राहतो, काही फक्त मान आणि पोट टाकतात.

झडण्याची वेळ दिवसाच्या लांबीवर ठरते. दिवस वाढू लागला की शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं, जुनी लोकर मुळाशी सुटते आणि खालून नवे आखूड केस वर येऊ लागतात. विषुववृत्ताजवळ दिवसाची लांबी फारशी बदलत नसल्याने हंगामी झड तिथे अंधुक दिसते. तिथल्या केसाळ जातींच्या अंगावर मुळात टाकण्याएवढी लोकरच नसते. त्याच जाती थंड प्रदेशात नेल्या की हिवाळ्यात आतून बारीक लोकर धरतात आणि वसंतात टाकतात.

पहिल्या पिढीत, म्हणजे लोकरीची मादी आणि शुद्ध झडणारा नर यांच्या पोटी आलेल्या कोकरांत, सरसकट सगळी मेंढरं मोकळी होतील अशी अपेक्षा धरू नका. मान, पोट, पायांची आतली बाजू आणि मागचा भाग बहुतेकांचा साफ होतो, बरगड्यांवर अर्धवट, आणि पाठीवर खोगिरासारखा पट्टा राहतो. मूळ मेंढी दाट, बारीक लोकरीच्या जातीची असेल तर हा पट्टा मोठा राहतो. लोकर विरळ आणि भरड असेल तर लहान. म्हणूनच मेरिनोसारख्या जातीपासून सुरुवात करणाऱ्याला एखादी पिढी जास्त लागते.

प्रत्येक पिढीतल्या माद्यांना पुन्हा शुद्ध झडणारा नर लावत गेलात तर दुसऱ्या पिढीत झडणाऱ्या जातीचा वाटा ७५ टक्के, तिसरीत ८७.५ आणि चौथीत ९३.७५ टक्के होतो. दुसऱ्या पिढीत सगळ्या प्रकारची मेंढरं एकत्र दिसतात आणि निवडीला खरा वाव तिथे मिळतो. तिसऱ्या पिढीत बहुसंख्य मेंढ्यांना कातरी लावावी लागत नाही. वर्षांचा हिशेब असा: यंदा शरदात नर सोडला तर पुढच्या वसंतात पहिली पिढी जन्मते. त्या माद्या दीड वर्षाच्या होऊन फळल्या तर त्यांची कोकरं तिसऱ्या वर्षी येतात. त्यांच्या माद्यांची कोकरं पाचव्या वर्षी, म्हणजे ८७.५ टक्क्यांची पिढी. चौथी पिढी सातव्या वर्षी. माद्या सात-आठ महिन्यांच्या असतानाच, प्रौढ वजनाच्या ६० ते ६५ टक्के वजन गाठल्यावर नराकडे सोडल्या तर प्रत्येक पिढीमागे एक वर्ष वाचतं. पण हे भरपूर चारा आणि वेगळी बडदास्त असेल तरच करावं. कोवळ्या वयात व्यायलेली आणि मग उपाशी राहिलेली मादी आयुष्यभर मागे पडते.

एवढी वर्षं थांबायचं नसेल तर शुद्ध झडणाऱ्या माद्याच विकत घेणं हा दुसरा मार्ग आहे. त्यात पैसा जास्त जातो आणि तुमच्या रानाला, तुमच्या जंतांना, तुमच्या पाऊसपाण्याला सरावलेल्या मेंढ्या हातच्या जातात. मला स्वतःला मधला मार्ग आवडतो: बहुतेक कळप संकरातून चढवायचा आणि चांगल्या जागेवरून थोड्याच शुद्ध माद्या आणायच्या, ज्यांच्यापासून पुढे घरचे नर मिळतील.

पहिल्या पिढीतल्या माद्या ठेवाव्यात का, तर नक्की ठेवा. कामाच्या दृष्टीने त्या तुमच्या कळपातल्या सगळ्यात चांगल्या मेंढ्या ठरण्याची शक्यता आहे. दोन दूरच्या जातींच्या संकराने जो संकरित जोम येतो, तो पहिल्या पिढीत पूर्ण असतो. कोकरू संकरित असल्याचा एक फायदा आणि आई संकरित असल्याचा दुसरा, असे दोन वेगळे फायदे असतात. मेंढ्यांवरच्या जुन्या अभ्यासांत दर मेंढीमागे दूध तोडतानाच्या एकूण वजनात या प्रत्येक फायद्याने साधारण १५ ते २० टक्क्यांची वाढ दिसलेली आहे. एवढी वाढ चाऱ्यातून मिळवायची तर किती खर्च होईल याचा विचार करा. म्हणून पहिल्या पिढीत झड बघून फक्त अगदी वाईट, अंगावरची काहीच न टाकणाऱ्या माद्या काढा. बाकी निवड कास, दात, खूर, वाढ आणि आईचा इतिहास पाहून करा. पाठीवरचा पट्टा एकदा मशीन फिरवून काढता येतो. शेटलंडसारख्या जुन्या जातींत तर सुटलेली लोकर हाताने उपटून काढायची रीतच आहे, आणि वेळ नेमकी साधली तर अर्धवट झडणाऱ्या मेंढीचीही ती हाताने निघते.

पण त्याच एका जातीचा नर पिढ्यान्‌पिढ्या लावत गेलात तर हा जोम दर पिढीला निम्मा होत जातो. ७५ टक्क्यांच्या मेंढीत निम्मा, ८७.५ टक्क्यांच्या मेंढीत पाव. लोक मग म्हणतात की पहिल्या पिढीची मेंढी तगडी होती, पुढच्या मऊ पडल्या, आणि दोष जातीला देतात. यावर सोपा उपाय आहे. पहिल्या दोन पिढ्या एका झडणाऱ्या जातीचा नर लावा आणि तिसऱ्या पिढीत दुसऱ्या, नात्याने लांबच्या झडणाऱ्या जातीचा. मूळ लोकरी जातीचा वाटा तिसऱ्या पिढीत तेवढाच, १२.५ टक्क्यांवर येतो, झडण्याच्या बाबतीत काही गमावत नाही, आणि कोकरांतला जोम मात्र परत वर येतो. पुढे दोन्ही जाती आलटूनपालटून वापरता येतात. शंभर मेंढ्यांच्या मालकाला हे जमण्यासारखं आहे. फक्त कोणत्या मेंढीचा बाप कोण हे कानातल्या बिल्ल्याच्या रंगावरून कळलं पाहिजे.

आता जातीची निवड. इथे घाई करू नका, कारण ‘लोकर झडणारी’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या हवामानांत घडलेल्या मेंढ्या येतात.

थंड, ओल्या प्रदेशासाठी विल्टशायर हॉर्न आणि तिच्यापासून निघालेल्या जाती मला पहिल्या वाटतात. ही इंग्लंडची जुनी, शिंगांची, मोठ्या हाडाची मेंढी. हिवाळ्यात दाट आवरण धरते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी टाकते. वेल्समधल्या अँगलसी बेटावर आयोलो ओवेन यांनी १९६० च्या दशकात हिचा संकर डोंगरी वेल्श मेंढीशी करून ‘इझीकेअर’ ही बिनशिंगी जात घडवली. कातरणी नको, विताना मदत नको, हेच उद्दिष्ट धरून निवड कशी करावी याचा तो उत्तम नमुना आहे. ऑस्ट्रेलियात विल्टशायर हॉर्नचा बिनशिंगी जातींशी संकर करून विल्टीपोल झाली. शुद्ध विल्टशायर हॉर्न वापरणार असाल तर संकरात शिंगांचा प्रश्न येतो. नरांना वेड्यावाकड्या खुंट्या फुटतात आणि त्या कुंपणात अडकतात. त्यामुळे बिनशिंगी वंश मिळत असेल तर तोच घ्यावा.

कोरड्या, विस्तीर्ण चराऊ रानासाठी आणि भरदार मांसासाठी डॉर्पर. दक्षिण आफ्रिकेत १९३० च्या दशकापासून डॉर्सेट हॉर्न आणि काळ्या डोक्याची पर्शियन मेंढी यांच्या संकरातून ती तयार झाली आणि १९५० मध्ये तिची पैदासकार संघटना उभी राहिली. अंग आखूड आणि भरलेलं, कोकरं लवकर विक्रीला येतात, प्रजननाचा हंगाम लांब, आणि झुडपांचा पालाही आवडीने खाते. पण दोन गोष्टी सांभाळा. डॉर्परच्या सगळ्या नरांची लोकर सारखी झडत नाही. मांसावर भर देऊन निवडलेल्या काही वंशांत पाठीवर चांगलाच पट्टा राहतो. आणि जंतांच्या बाबतीत ती उष्ण दमट भागातल्या केसाळ जातींइतकी कणखर नाही.

उष्ण, दमट, जंतांनी ग्रासलेल्या रानासाठी कॅरिबियन वंशाच्या जाती पाहा: सेंट क्रॉय, बार्बाडोस ब्लॅकबेली, आणि त्यांच्यापेक्षा मांसल हवी तर कटाहडिन. कटाहडिनची सुरुवात अमेरिकेतल्या मेन राज्यात मायकेल पील यांनी केली. १९५७ मध्ये त्यांनी व्हर्जिन बेटांवरून थोड्या केसाळ मेंढ्या आणल्या, त्यांचा सफोकसारख्या मांसल जातींशी संकर केला आणि पुढे १९७० च्या दशकात त्यात विल्टशायर हॉर्नही मिसळली. सेंट क्रॉय आणि ब्लॅकबेली यांची हिमोंकस या रक्तपिपासू जंताशी झुंजण्याची ताकद खरोखर मोठी आहे. वारंवार जंतनाशक देऊन ते औषधच निकामी झालेल्या कळपात ही ताकद कातरणीच्या बचतीपेक्षाही मोलाची ठरते. मात्र अंगावर मांस कमी आणि प्रौढ आकार लहान. ब्लॅकबेली चपळ आणि बुजरी असते, कुत्रा लागला की कळप एकत्र होण्याऐवजी फुटतो. कुंपण साधारण असेल तर हे आधी ध्यानात घ्या.

तुमच्या प्रश्नात हवामान सांगितलेलं नाही, म्हणून एकच नाव देत नाही. रान ओलं-थंड असेल तर आधी विल्टशायर वंशाचा बिनशिंगी नर आणि तिसऱ्या पिढीत कटाहडिन किंवा डॉर्पर. कोरडं असेल तर डॉर्पर आधी. दमट आणि जंतांचं असेल तर कटाहडिन आधी, आणि मग मांसासाठी डॉर्पर.

जात ठरली तरी नर नेमका कोणता, हे त्याहून महत्त्वाचं आहे. कोणत्याही क्षणी तुमच्या कळपातली ८७.५ टक्के जनुकं गेल्या तीन पिढ्यांत लावलेल्या नरांकडून आलेली असतात. कोवळं कोकरू पाहून पैदाशीचा नर घेऊ नका. कोकराच्या अंगावरचं आवरण आणि वर्षानंतरचं आवरण यांत पुष्कळ फरक असतो. काही कोकरं पहिल्या उन्हाळ्यात गुळगुळीत दिसतात आणि पुढे पाठीवर लोकर धरतात. किमान एक वसंत पार केलेला, १४-१५ महिन्यांचा नर, झड संपत आलेली असताना त्याच्याच रानात जाऊन पाहा. त्याची आईही तिथेच दाखवायला सांगा, कोकरं अंगावर पीत असताना. कातरून ‘साफ’ केलेला नर दाखवला तर परत फिरा. कातरलेल्या अंगावरचे केस एकाच उंचीवर चौकोनी टोकांनी कापलेले दिसतात. आपोआप झडून आलेल्या केसांची टोकं निमुळती असतात आणि ते त्वचेशी सपाट बसतात. हात फिरवला की फरक लगेच कळतो.

झड मोजायची पद्धत सांगतो, कारण सगळी निवड तिच्यावर उभी आहे. मी १ ते ५ अंक देतो: १ म्हणजे काहीच टाकलं नाही, २ म्हणजे मान आणि पोट मोकळं, ३ म्हणजे बरगड्याही निम्म्या मोकळ्या, ४ म्हणजे पाठीवर फक्त हातभर पट्टा, ५ म्हणजे पूर्ण साफ. अंक एकदाच देऊन थांबू नका. एकदा वसंताच्या मध्यावर आणि दुसऱ्यांदा उन्हाळा सुरू झाल्यावर द्या. दोन मेंढ्या शेवटी ५ वर येत असतील पण एक माशांचा हंगाम सुरू होण्याआधी मोकळी झाली आणि दुसरी नंतर, तर पहिलीच खरी कामाची.

अंक देताना खांद्यामागची लोकर दोन्ही हातांनी फाकवून पाहा. खरी झड चालू असेल तर जुनी लोकर त्वचेपासून बोटभर वर उचललेली असते, खाली आखूड, चकचकीत नवे केस उगवलेले दिसतात, आणि दोन्हींच्या मध्ये एक सरळ रेष असते. वरची लोकर धरून ओढली तर मेंढी अंगही न चोरता ती मोकळी होते. आजारपणाने सुटलेली लोकर वेगळी दिसते. ताप येऊन गेलेली, उपाशी राहिलेली किंवा विताना हाल झालेली मेंढीही लोकर टाकते. पण तिथे खालची त्वचा उघडी, गुलाबी असते, ठिगळं कुठेही असतात आणि पुढच्या वर्षी तसं होत नाही. उवा किंवा खरूज असेल तर मेंढी अंग घासते, लोकर तुटलेली आणि ओरबाडलेली दिसते. अशा मेंढीला ४ अंक देऊन तिची पिल्लं ठेवाल तर निवड चुकीच्या दिशेने जाईल.

जुळी पाजणारी, खंगलेली मेंढी झड उशिरा पूर्ण करते. तिला त्याच दिवशी एकटं कोकरू पाजणाऱ्या गुबगुबीत मेंढीच्या पंक्तीला बसवून बाद करू नका. झडीची खरी निवड वर्षाच्या, अजून न व्यायलेल्या माद्यांवर करा, कारण सगळ्या सारख्या परिस्थितीत असतात. दुसऱ्या पिढीपासून कडक व्हा: उन्हाळ्याच्या सुरुवातीला ४ च्या खालची मादी पैदाशीला ठेवायची नाही. तिसऱ्या पिढीत ५ च.

मधल्या वर्षांबद्दल सावध करतो, कारण तिथेच बरेचजण कंटाळून सोडून देतात. पहिल्या दोन पिढ्यांची लोकर राठ केस मिसळलेली असते, तिला भाव नाही, आणि तरीही काहींना कातरावंच लागतं. शिवाय मागच्या भागाची झड पूर्ण झालेली नसताना माशांचा हंगाम सुरू झाला, तर ओल्या, अर्धवट सुटलेल्या लोकरीत अळ्या पडायचा धोका तसाच राहतो. ‘झडणारी’ म्हणून फवारणी लगेच बंद करू नका. अंक ५ असलेल्यांची थांबवा, बाकीच्यांची चालू ठेवा. बारीक लोकरीचा दुसरा कळप असेल तर तो पूर्ण वेगळा ठेवा आणि तीच मेंढरं आधी कातरा. झडलेले राठ आणि काळे केस त्या लोकरीत चिकटले की धुऊन निघत नाहीत आणि रंगही धरत नाहीत. ऑस्ट्रेलियात तर लोकर विकताना अशा जातींशी संपर्क आला होता का, हे घोषणापत्रात सांगावं लागतं.

मांसाचं बघू. घट येईल की नाही हे जातीवर आणि तुम्ही कोणत्या वजनाला विकता त्यावर आहे. कॅरिबियन जातींच्या संकरात मांड्या आणि पाठ कमी भरतात आणि चरबी आतड्यांभोवती, मूत्रपिंडांभोवती जास्त साठते. डॉर्परच्या संकरात अंग भरतं, पण चरबी कातडीखाली लवकर चढते, म्हणून कोकरू जास्त वजनाला न्यायचा मोह टाळावा लागतो. कमरेच्या मणक्यांवर बोटं दाबून टोकं जेमतेम लागतात तोवरच विकावं. केसाळ कोकराचं कातडं हलकं असल्याने जिवंत वजनाच्या मानाने मांसाचा उतारा बरेचदा चांगला पडतो.

मांसाची खरी सोय मात्र सुरुवातीला सांगितलेल्या गोष्टीत आहे. कळपाचं झडणं स्थिर झालं की दरवर्षी पैदाशीसाठी लागतील तेवढ्याच, साधारण निम्म्या किंवा थोड्या अधिक, उत्तम मेंढ्या झडणाऱ्या नराकडे सोडा. उरलेल्यांना टेक्सेल किंवा सफोकसारखा मांसल, लोकरीचाही नर चालेल. त्यांची सगळी कोकरं, नर आणि माद्या, विकायची. त्यात संकरित जोमही मिळतो आणि मांडीही भरते. नियम एकच आणि तो मोडायचा नाही: त्या गटातली मादी कितीही देखणी निघाली तरी कळपात ठेवायची नाही. जन्माच्याच दिवशी तिच्या कानाला वेगळी खूण करा. खूण नसेल तर दोन वर्षांनी पाठीवर लोकर घेऊन फिरणाऱ्या मेंढ्या कुठून आल्या ते सापडत नाही.

कमी देखभाल म्हणजे फक्त कातरणी नाही, हे कळकळीने सांगतो. लोकर गेली पण मेंढी विताना हात घालावा लागतो, कोकराला ओढून सडाला लावावं लागतं, दर महिन्याला खूर कापावे लागतात, तर तुमचं काम तसंच राहिलं. त्यासाठी मोठी वही नको. विताना मदत लागली, कोकरू टाकलं, सड निकामी झाला, खूर सडले, अंग बाहेर आलं, यांपैकी काहीही घडलं की त्या दिवशीच मेंढीच्या कानाला खाच किंवा लाल बिल्ला. तिची त्या वर्षीची माद्या-कोकरं पैदाशीला नाहीत, आणि दूध तुटल्यावर तीही विक्रीला. जंतांसाठी खालची पापणी उघडून रंग पाहायचा. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला पाच रंगांचा फामाचा तक्ता हिमोंकसच्या रानात यासाठी फार उपयोगी आहे. पापणी फिकी पडलेल्यांनाच औषध द्या आणि कोणाला दिलं ते टिपून ठेवा. ज्यांना पुन्हा पुन्हा द्यावं लागतं त्या मेंढ्याच रानावर जंतांची बरीचशी अंडी टाकत असतात. नर घेतानाही शेणातल्या अंड्यांची मोजणी करून घ्या. या गुणाची आनुवंशिकता निवड करण्याजोगी आहे.

थंड प्रदेशात कोकरांच्या जन्मावेळच्या अंगाकडेही लक्ष द्या. लांब, दाट केसांचं आवरण घेऊन जन्मलेलं कोकरू थंडी-वाऱ्यात आखूड लोकरीच्या कोकरापेक्षा जास्त ऊब धरतं, म्हणून गुळगुळीत, उघडं अंग दिसायला गोंडस असलं तरी ओल्या वसंतात मला ते नको असतं.

शेवटी घरचे नर. ८७.५ टक्क्यांची पिढी आली की बाहेरून नर आणणं बंद करावंसं वाटतं. तेव्हा हे ध्यानात असू द्या की मोठ्या जनुकापुरतं बोलायचं तर त्या पिढीतल्या चारांपैकी एकाच्या अंगात लोकरीची एक प्रत अजून लपलेली असते, जरी त्याची स्वतःची पाठ साफ असली तरी. असा नर घरच्या माद्यांना लावला की अधूनमधून लोकर धरणारं कोकरू निपजतं. खात्री करायची असेल तर नराला एक हंगाम तुमच्या जुन्या, शुद्ध लोकरीच्या उरलेल्या दहा-पंधरा मेंढ्यांवर सोडून पाहा. लोकरीची प्रत असेल तर साधारण निम्मी कोकरं वर्षाची झाल्यावरही अंगावरचं काहीच टाकत नाहीत. प्रत नसेल तर सगळी थोडीफार तरी टाकतात. यासाठी त्या कोकरांना एक वसंत सांभाळावं लागतं, आणि म्हणूनच जुन्या लोकरीच्या मेंढ्या सगळ्या एकदम विकू नयेत. चाचणीत उतरलेला नर दोन हंगाम वापरा आणि त्याच्या मुली फळायच्या वयात यायच्या आत बदला. शंभर मेंढ्यांच्या कळपात एका वेळी दोन-तीन नर लागतात. ते तिन्ही एकाच बापाचे नसावेत, आणि दर काही वर्षांनी एक तरी नर बाहेरच्या कळपातून यावा.